पप्पाचं ताट

आमच्या घरी जेवणारी माणसं चार आणि ताटं पाच, असं अडीच वर्षं चाललं होतं.

पाचवं ताट माझ्या नवऱ्याचं, निलेशचं. तो केनियात नैवाशाला एका गुलाबाच्या फार्मवर मॅनेजर आहे. आम्ही चौघी तळेगावात असतो: मी, माझ्या सासूबाई रतनबाई, नऊ वर्षांची यशोधरा आणि चार वर्षांची सृष्टी. मावळात गुलाबाच्या शेडवर, म्हणजे पॉलिहाउसात, हात बसलेली माणसं आफ्रिकेत जातात, हे आमच्याकडे आता नवलाचं राहिलेलं नाही. सासूबाईंनी इंदुरीहून रोज येऊन दुसऱ्यांच्या शेडवर फुलं निवडली, त्यावर मुलाला शिकवलं आणि तो मुलगा तीच फुलं पिकवायला समुद्रापार गेला. गेला तेव्हा सृष्टी सव्वा वर्षाची होती.

निलेश तळेगावच्या शेडवर होता तेव्हा फेब्रुवारीत त्याला हमखास उशीर व्हायचा. सगळ्या जगाला एकाच दिवशी गुलाब हवे असतात. तेव्हा आई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्याचं ताट वाढून, वर दुसरं ताट पालथं घालून ओट्यावर ठेवायच्या. तो केनियाला गेल्यावर पहिल्या आठवड्यात त्यांनी सवयीने तसंच केलं. मग एका संध्याकाळी हातातलं ताट खाली ठेवून म्हणाल्या, "येनारच न्हाई त्याचं झाकून काय ठिवायचं? लाव त्याला फोन. ल्योक जेवला का न्हाई ते डोळ्यांनी बगितल्याबिगर मला घास उतरत न्हाई."

तेव्हापासून तांब्याला टेकवून फोन उभा राहायचा आणि त्याच्यापुढे छोटं ताट. चतकोर भाकरी, चमचाभर भाजी. आमचे साडेआठ म्हणजे त्याचे सहा. तो शेडवरून येऊन हातात चहाचा कप घेऊन बसायचा. सृष्टी घास करून फोनला लावायची, निलेश तिकडे तोंड उघडायचा, खोटंखोटं चावायचा, आणि तो घास मग सृष्टीच खायची. पोरगी एरवी जेवताना मला रडवायची, ती अशी गपागप जेवू लागली. मी म्हटलं, वा, आपली कटकट गेली. माझ्या फोनला कायम वरणाचा वास यायचा, पण तेवढं चालायचं. आपण काय पेरतोय ते पेरताना कुठे कळतं!

एकदा निलेशने फार्मच्या कुंपणापलीकडे उभा असलेला जिराफ तिला दाखवायचा प्रयत्न केला. रेंज गेली आणि पडद्यावर नुसते पिवळे चौकोन राहिले. सृष्टीने भोकाड पसरलं. तेव्हा तो म्हणाला, "तू इकडे आलीस की मी तुला खराखुरा जिराफ दाखवणार. मीच दाखवणार हं. दुसऱ्या कुणी दाखवला तर डोळे मिटून घ्यायचे." सृष्टीने मान डोलावली. लहान मुलांशी थट्टेत करार करू नयेत. आपण विसरतो, ती विसरत नाहीत.

मधे एकदा तो दहा दिवस येऊन गेला होता, पण तेव्हा ती दोन वर्षांची होती. ते तिला आठवायचं काही कारण नव्हतं. या उन्हाळ्यात त्याने स्वतः यायच्या ऐवजी कंपनीकडून आम्हा चौघींची तिकिटं मागून घेतली. पंधरा दिवस. मुली जनावरं बघतील, आई जग बघतील असं तो म्हणाला. त्याला सृष्टीला कडेवर घ्यायचं होतं, हे त्याने सांगायची गरज नव्हती. आणखी एक गोष्ट होती. त्याचा करार जुलैत संपत होता आणि पुढच्या तीन वर्षांचा कागद त्याच्या खोलीतल्या खणात पडून होता. सही तेवढी राहिली होती.

निघायच्या आधी पिवळ्या तापाची लस टोचून घ्यावी लागली. त्यात सृष्टीने डॉक्टरांचा शर्ट फाडायचा तेवढा बाकी ठेवला. बॅग भरताना ती तांब्या घेऊन आली. "हा पण न्यायचा. पप्पा कशाला टेकणार?" मी हसून तांब्या बॅगेत टाकला. तिथेच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

नैरोबीच्या विमानतळावर निलेश लाल गुलाबांचा गुच्छ घेऊन उभा होता. यशोधरा धावत जाऊन त्याला बिलगली. आईंनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि "वाळला रं" एवढंच म्हणाल्या. तो वाळला नव्हता, चांगलं पोट सुटलं होतं. मग तो सृष्टीसमोर गुडघ्यांवर बसला. "सृष्टी, ओळखलं का मला?"

सृष्टी आजीच्या लुगड्याआड सरकली. तिने त्याच्या बुटांपासून केसांपर्यंत नीट पाहून घेतलं. मग माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "मम्मी, रूमवर गेलो की पप्पाला फोन लाव हं."

मला हसू आलं. निलेशलाही आलं, पण त्याचं हसू फार टिकलं नाही.

त्याचं घर फार्मच्या आतच होतं. बैठं, दोन खोल्यांचं, भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, मागे पाण्याची मोठी टाकी. पहिल्याच संध्याकाळी आईंनी भाकरी थापल्या, मी पिठलं केलं. ताटं घेतली, तर सृष्टीने बॅगेतून तांब्या काढला, मधोमध ठेवला, त्याच्यापुढे एक छोटं ताट मांडलं आणि माझ्यापुढे हात केला. "फोन दे."

"अगं बाई, कुणाला फोन? पप्पा हे काय पुढ्यात बसलेत!"

"हे नाही. माझा पप्पा."

प्रवासाने माझं डोकं आधीच तापलेलं होतं. मी ओरडले, ती रडायला लागली, यशोधरा तिला "वेडी आहेस का" म्हणाली, त्यावर ती आणखी रडली. निलेश हातातला घास ताटात ठेवून उठला. "थांबा, लावतो," म्हणाला आणि मागच्या दाराने बाहेर गेला. मिनिटाभरात माझा फोन वाजला.

सृष्टीने फोन तांब्याला टेकवला. पडद्यावर निलेश. मागे टाकीची करडी भिंत.

"पप्पाऽ! कुठे होतास?"

"इथेच होतो ग. आफ्रिकेत आलीस ना?"

"हो. इथे एक काका आहेत." तिने आवाज बारीक केला. "ते मम्मीशेजारी बसतात. त्यांचं नाव पण पप्पाच आहे."

"चांगले आहेत का काका?"

सृष्टीने विचार केला. "चांगले आहेत. पण फार भाकरी खातात."

आई पदर तोंडाला लावून हसत होत्या. मीही हसत होते आणि हसता हसता माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, कारण पडद्यावरचा माणूस तोंड उघडून खोटा घास चावत होता आणि त्याचं खरं, अर्धं खाल्लेलं ताट माझ्या शेजारी गार होत होतं.

पुढचे आठ दिवस हेच. दिवसा तो तिला खांद्यावर घ्यायला पुढे व्हायचा, ती आजीचा हात घट्ट धरायची. "काका, मला चॉकलेट द्या," एवढं बोलणं. संध्याकाळी सहाला तो टाकीमागे जायचा आणि ती फोनवरच्या पप्पाला दिवसभराचं सांगायची. त्यात काकांच्या चुगल्याही असायच्या. काका गाडी जोरात चालवतात. काकांच्या मिशा टोचतात.

दहाव्या दिवशी निलेशने गाडी काढली आणि आम्ही नाकुरूच्या अभयारण्यात गेलो. काय नव्हतं तिथे! झेब्रे रस्त्याच्या कडेला इतके, की तळेगाव स्टेशनाबाहेर रिक्षा असाव्यात. दोन गेंडे चिखलात लोळून उठलेले. रानम्हशी आमच्याकडे अशा बघत होत्या, जणू आम्ही त्यांची वाट अडवली होती. यशोधरा खिडकीला नाक लावून एकेकाचं नाव घेत होती आणि सृष्टीही टाळ्या पिटत होती. मग एका वळणावर जिराफ दिसले. चांगले पाच-सहा होते, आणि त्यांच्यात एक पिल्लू. निलेशने गाडी बंद केली. त्याचा आवाज बदललेला मला कळला. "सृष्टी, ते बघ."

सृष्टीने बघितलं नाही. तिने दोन्ही हातांनी डोळे गच्च झाकून घेतले.

"बघ की ग, जिराफ!" यशोधराने तिचे हात ओढले.

"नाही! मला पप्पा दाखवणार आहे!"

मी समजावलं. मी ओरडले. इतक्या लांब विमानाने येऊन डोळे मिटून बसतेस, घरी बसून मिटले असतेस तर काय बिघडलं असतं, असंही म्हणाले. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. जिराफ आपले शांतपणे पानं खात उभे होते. तेवढ्यात आई हळूच म्हणाल्या, "निल्या, येवढ्या उंचावरनं तिला तिचं पिल्लू दिसत आसंल का रं?"

"दिसतं आई," निलेश म्हणाला. "ती मान खाली घालते." आणि त्याने गाडी सुरू केली.

त्या संध्याकाळी तो भांडी घासत होता आणि मी पुसत होते. तो नळाकडे बघूनच म्हणाला, "मी सही करून टाकतो, सारिका."

"कशावर?"

"तीन वर्षांच्या कागदावर. तिला फोनमधलाच पप्पा पाहिजे. निदान तो तरी तिला रोज सहाला भेटत राहील. मी आलो तर तिचा तोही जाईल."

मला असा राग आला, की हातातली परात आपटली. "करा. खुशाल करा. मग मी तिला तांब्यालाच पप्पा म्हणायला शिकवते. तो निदान घरात तरी असतो."

परातीचा आवाज विरला आणि माझा रागही ओसरला. चूक त्याची एकट्याची कुठे होती? ताट आईंनी मांडलं, घास मी भरवू दिला, डोळे मिटायला त्याने शिकवलं. आम्ही तिघांनी मिळून प्रेमाने एक माणूस फोनमध्ये बसवला होता, आणि आता त्याला बाहेर कसं काढायचं ते एकालाही ठाऊक नव्हतं.

"जबरदस्ती करू नकोस तिच्यावर," निलेश म्हणाला. "शेडवर पहिल्या दिवशी हेच सांगतात. कळी बोटांनी उघडायला गेलं की फूल वाया जातं."

"मग माळ्याने करायचं तरी काय?"

"जवळ राहायचं," तो म्हणाला आणि नळ बंद केला.

परत निघायच्या आदल्या दिवशी रविवार होता. नैवाशाच्या तळ्याकाठी एक मोकळं रान होतं, तिथे सिंह-बिबटे नाहीत, त्यामुळे जिराफ-झेब्र्यांमधून माणसांना पायी फिरता येतं. सकाळीच गेलो. पिवळ्या सालीची उंच झाडं होती. आई त्यांना बाभळीच म्हणत होत्या आणि काटे बघितल्यावर मलाही पटलं. आम्ही गवतात सतरंजी टाकून बसलो. निलेश "जरा येतो" म्हणून एकटाच पुढे गेला. मला वाटलं, कंटाळला बिचारा. तेवढ्यात माझा फोन वाजला.

"पप्पा!" सृष्टीने फोन ओढूनच घेतला. "आता सहा वाजले?"

"नाही. आज लवकर लावला. सृष्टी, माझ्यामागे काय दिसतं?"

ती पडद्यावर वाकली. निलेशच्या डोक्यामागे पिवळा बुंधा होता आणि त्याच्या बाजूला ठिपक्यांचे दोन लांब पाय.

"जिराफाचे पाय!"

"बाकीचा जिराफ पाहिजे?"

"पाहिजे!"

"मग उठ आणि चालायला लाग. फोनमध्ये बघत ये. मी थांबलोय."

सृष्टी उठली. मी तिच्यामागे निघाले, पण दहा पावलं अंतर ठेवून. ती दोन्ही हातांत फोन धरून गवतातून चालत होती. "पप्पा, झाड आलं." "ते नाही, पुढचं." "पप्पा, खडक आला." "त्याच्या उजवीकडून ये. भाकरी खातेस त्या हाताकडून." ती एकदा अडखळली, पडली, उठली. फोन तिने सोडला नाही. यशोधरा धावणार होती, तिला आईंनी धरून ठेवलं.

मग सृष्टी थांबली. तिने मान वर केली.

समोर पिवळ्या बुंध्याचं झाड होतं. झाडाशेजारी जिराफ होता. आणि दोघांच्या पुढ्यात, जिराफापासून बराच अलीकडे, काका गुडघ्यांवर बसले होते. त्यांच्या हातात फोन होता.

तिने फोनमध्ये पाहिलं. निळा शर्ट, पिवळं झाड, ठिपक्यांचे पाय. वर पाहिलं. निळा शर्ट, पिवळं झाड, ठिपक्यांचे पाय. पुन्हा फोनमध्ये पाहिलं. निलेश हलला नाही, बोललाही नाही. एरवी मी असते तर दहा वेळा "बघ, बघ" केलं असतं. त्या क्षणी मीसुद्धा तोंड बंद ठेवलं आणि माझ्या आयुष्यात ते फार वेळा झालेलं नाही.

ती दोन पावलं पुढे गेली. दोन्ही फोन जवळ आल्यावर कर्कश किंचाळले, तरी ती घाबरली नाही. तिने एक हात पुढे केला आणि त्याच्या गालावर ठेवला. डोळे मात्र फोनवर. हात गालाला लागला आणि जरा उशिराने, तिकडच्या रेंजच्या सवडीने, पडद्यावरच्या पप्पाच्या गालावर एक छोटा हात येऊन टेकला. हिरव्या काचेच्या बांगड्यांचा. तिचाच.

तिने बोटं हलवली. फोनमधली बोटं हलली. तिने त्याच्या मिशा ओढल्या. फोनमधल्या मिशा ओढल्या गेल्या आणि पडद्यावरच्या पप्पाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिने ते खऱ्या गालावर बोटाने पुसून पाहिलं. ओलं होतं.

"तू बाहेर आलास?" तिने विचारलं.

"हो," निलेश म्हणाला.

तिने वाकून त्याच्या मागे पाहिलं. "तुला पाय पण आहेत?"

"आहेत की."

"मग चालत का नाही आलास?"

त्याने हात पसरले. सृष्टीने फोन गवतात टाकला, माझा फोन, दगडावर, आणि त्याच्या कुशीत शिरली. थोड्या वेळाने ती त्याच्या खांद्यावर चढून बसली आणि मोठ्याने हुकूम सोडला, "आता दाखव."

मग निलेशने तिला जिराफ दाखवला. शिंगं, जीभ, शेपटी, सगळं बोट करून करून दाखवला. तिने एकदाही डोळे मिटले नाहीत. मी गवतातून फोन उचलला. काच तडकली होती. मला काहीही वाटलं नाही.

त्या संध्याकाळी ती त्याच्या पोटावर पसरली आणि तिथेच झोपून गेली. दुसऱ्या दिवशी विमानतळावर ती त्याच्या मानेला अशी चिकटली होती, की सोडवताना दोघांचेही हात धरावे लागले. कागदाचं मी विचारलं नाही. तोही बोलला नाही. विनवण्या करणं माझ्या स्वभावात नाही आणि परात तर आधीच आपटून झाली होती.

तळेगावात आलो त्या दिवशी आईंनी प्रवासाचा शीण बाजूला ठेवून भाकरी केल्या. साडेआठला तडकलेल्या काचेचा फोन तांब्याला टेकला. निलेश चहाचा कप घेऊन बसला होता. सृष्टीने सवयीने छोटं ताट घेतलं, आजीकडून चतकोर भाकरी वाढून घेतली, भाजी घेतली.

"आण घास," निलेशने तोंड उघडलं.

सृष्टीने त्याच्याकडे पाहिलं. मग ताट उचललं आणि उठली.

"अगं, भरव की पप्पाला," मी म्हटलं.

"ह्याला पोट नाही," ती म्हणाली. "पप्पाला आहे. मी त्याच्यावर झोपले होते."

ती ओट्याशी गेली. टाचा उंचावून ताट वर सरकवलं. मग फळीवरचं दुसरं ताट ओढून काढलं आणि दोन्ही हातांनी त्यावर पालथं घातलं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, कारण ताट झाकणं बंद झालं तेव्हा ती सव्वा वर्षाची होती. मला बाहेरून यायला उशीर झाला की आई कधी माझं झाकायच्या, ते बघितलं असेल. आमच्या घरात झाकलेलं ताट म्हणजे माणूस वाटेत आहे.

ती परत येऊन फोनसमोर बसली. "पप्पा, तुझं ताट झाकून ठेवलंय. आलास की जेव. उशीर नको करू, गार होतं."

निलेशने हातातला कप खाली ठेवला. आईंनी भाकरी तव्यावर टाकली आणि आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

"सारिका," तो म्हणाला, "ती सही मी केलेली नाही."

"मग?"

"नाही करणार. जुलैत येतो." मग सृष्टीला म्हणाला, "जुलैपर्यंत ठेवशील झाकून?"

"जुलै म्हणजे उद्या?"

"उद्याच्या थोडं पुढे."

सृष्टीने आजीकडे पाहिलं, ओट्यावरच्या ताटाकडे पाहिलं. "चालेल," ती म्हणाली. "आम्ही रोज गरम वाढू."

आणि आपलं ताट पुढे ओढून, तिने पहिल्यांदाच फोनला न भरवता आपल्या हाताने पहिला घास खाल्ला.